पॉइंट कुठे कुठे हवेत?

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीला आणि तिकडे ठाणे-डोंबिवलीला सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्यांनी पहिला ओनरशिपचा ब्लॉक घेतला, त्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी विचारला गेला आहे. विचारणारा वायरमन असायचा. कानाला पेन्सिल, हातात खडू, खिशाला टेस्टर. विटा अजून उघड्या, खिडक्यांना नुसत्या चौकटी, खाली वाळू आणि सिमेंटची रिकामी पोती. "बोला, पॉइंट कुठे कुठे हवेत?" असं तो म्हणाला की अख्खं कुटुंब एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. दिवा कुठे हवा, हे आम्हाला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

वाड्यात आणि चाळीत दिवा आधीपासून असायचा. तो जिथे असेल तिथे आपण जाऊन बसायचं. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बाहेर साठचा बल्ब आणि आत चाळीसचा, दोन्ही तुळईला लोंबणारे. सुती वेष्टणाची पीळ घातलेली वायर, काळी गोल बटणं, आणि चुलीच्या धुराने तुळई, वायर, होल्डर सगळ्यांना आलेला एकच रंग. मीटर मालकांचा, बिलाची वाटणी दिव्यामागे. रात्री दहानंतर दिवा दिसला की सकाळी मालकीणबाई जिन्यात उभ्या. विजेची इस्त्री आणि शेगडी वापरायची नाही, हे तर भाडेकरू म्हणून राहायला येतानाच कबूल केलेलं. भाऊजींनी बी.एस्सी.चा अभ्यास केला तो बल्ब खाली ओढून, खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून. त्या वेळी आतल्या खोलीत मामंजी डोळ्यांवर पंचा टाकून झोपायचे.

१९६१ साली पानशेतचं धरण फुटल्यानंतर पुणं पेठांबाहेर सरकायला लागलं आणि ऐंशीच्या सुमाराला कोथरूडच्या शेतांतून सोसायट्या उभ्या राहिल्या. आमची सोसायटी बँकेतल्या लोकांची होती. कर्जाचा हप्ता पगारातून कापला जाणार, त्यामुळे प्रत्येक गोष्ट मोजून. करारात दर खोलीला एक ट्यूब, एक पंखा, एक साधा दिवा आणि एक प्लग एवढं धरलेलं. त्यापलीकडे हवं असेल तर पॉइंटमागे वेगळे पैसे. पॉइंट म्हणजे बोर्डापासून दिव्यापर्यंतची वायर, बटण, होल्डर आणि मजुरी, सगळं मिळून एक. त्यामुळे संध्याकाळी घराघरांत कागद-पेन्सिल घेऊन बैठका बसायच्या. माळ्यावर दिवा हवा का? संडास-बाथरूमला मिळून एक चालेल का? जिन्याचा दिवा खालून लावून वरून बंद करायची टू-वे बटणं कुणाच्या खर्चात? आज हे किरकोळ वाटेल. पण आमच्यापैकी बहुतेकांनी आपण घरात कसे राहणार आहोत, हे पहिल्यांदा शब्दांत मांडलं ते या यादीत. नकाशा आर्किटेक्टने काढला, रंग सोसायटीने ठरवला. पॉइंटची यादी मात्र घरातल्या माणसांनी केली.

आणि खरं तर ती बायकांनी केली. हे मला आवर्जून नोंदवून ठेवायचं आहे, कारण सोसायटीच्या इतिवृत्तात ते कुठे सापडणार नाही.

आमच्या सासूबाई चौथी शिकलेल्या. ब्लॉक बघायला आल्या त्या नऊवारीचा ओचा सावरत, विटांच्या ढिगावरून वाट काढत. कंत्राटदाराच्या नकाशात स्वयंपाकघराचा दिवा दाराच्या वर, म्हणजे ओट्याच्या बरोबर समोरच्या भिंतीवर होता. सासूबाई ओट्याच्या जागी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ओटा नव्हता, त्याच्या खुणेच्या दोन विटा होत्या. समोर विळी असल्यासारखे हात पुढे धरले आणि वायरमनला म्हणाल्या, "दिवा माझ्या पाठीमागे लावलास तर भाजीवर माझीच सावली पडायची. मी काय चिरत्येय ते मला दिसणार कसं?" मग दोन पावलं मागे येऊन जमिनीवर बसल्या. "आणि तांदूळ निवडायला मी इथे बसणार. इथवर उजेड यायला हवा." वायरमन थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग त्याने दारावरची खूण पुसली आणि ओट्याच्या डोक्यावर, उजवीकडे थोडी सरकवून, नवी फुली मारली. "डाव्या हाताला सावली पडली तर चालेल ना, आजी?" एवढंच त्याने विचारलं. दुसऱ्या आठवड्यात त्या विंगेतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत फुली ओट्यावर सरकली होती. चार मजल्यांच्या बायका वर्षानुवर्षं आपल्या सावलीत भाजी चिरण्यातून सुटल्या, त्या या दोन वाक्यांमुळे.

मला मिळालेला पॉइंट पलंगाशेजारचा. हे म्हणाले होते, खोलीत ट्यूब आहे की. मी म्हटलं, मुलाला झोपवून मला वाचायचंय, ट्यूब लावली तर तो उठेल. उशाशी एक दिवा आणि हाताला येईल असं बटण. यादीत तो शेवटचा पॉइंट होता आणि पैशांची ओढाताण होती. मामंजींनी यादी पुन्हा वाचली, बाहेरच्या खोलीतला शोभेचा दिवा स्वतः खोडला आणि म्हणाले, "सूनबाईंचा राहू दे."

हे सगळं भिंतींचं. वायरिंगचं निम्मं काम त्याच्या आधीच, वरच्या स्लॅबमध्ये झालेलं असे. आमच्याआधीच्या घरांत लाकडी पट्टीवरची वायरिंग होती. सागाची पट्टी, तिच्यावर पितळी क्लिपा चुकांनी ठोकलेल्या, आडव्या पट्टीला साधारण चार इंचांवर एक, उभीला सहा. नीट केलेली पट्टी-वायरिंग देखणी दिसायची. कोपऱ्यातली वळणं, दिव्याखालचे गोल लाकडी ब्लॉक, सगळं भिंतीवर उघडं, बिघाड झाला तर डोळ्यांना दिसणारं. आमच्या इमारतीपासून आली ती कन्सील वायरिंग. त्यासाठी सेंट्रिंगच्या प्लेटांवर सळ्यांची जाळी बांधून झाली की तिच्यामधून पीव्हीसी पाइप टाकायचे, पंख्याचा हूक सळईला बांधून घ्यायचा, आणि दिव्या-पंख्यांच्या डब्यांत कागदाचे बोळे कोंबायचे, नाहीतर काँक्रीट आत शिरलंच.

स्लॅबच्या दिवशी सोसायटीचे सभासद रजा टाकून वर उभे राहायचे. मिक्सर गरगरत असे, बिगारी बायका घमेली डोक्यावरून डोक्यावर देत वर पोचवत. माल पडायला लागला की थांबायचं नसतं. घाईत पाय पाइपावर पडला, सांधा निसटला, तर तो कायमचा आत. मग कितीही केलं तरी त्या पाइपातून वायर जात नाही, आणि घरमालकाला छतावरून पट्टी मारून घ्यावी लागते. म्हणून आमचे वायरमन दिवसभर अनवाणी त्या ओल्या मालात फिरत होते. "बाई, तिकडून नको, इकडून या" असं प्रत्येक बिगारी बाईला सांगत. संध्याकाळी त्यांच्या तळव्यांची सालं निघाली होती. सिमेंट कातडी खातं. सासूबाईंनी घरून खोबरेल तेलाची बाटली पाठवली.

पुढचं काम सावकाशीचं. भिंतींवर नीळ लावलेली दोरी ताणून खाटकन सोडायची, की सरळ निळी रेघ उमटे. तिच्यावर छिन्नीने झिरी पाडायची, पाइप बसवायचा, बोर्डाचे डबे ओळंब्यात धरून पक्के करायचे. मग गवंडी येऊन प्लॅस्टर करणार आणि जाताना निम्मे डबे बुजवून ठेवणार. गवंडी आणि वायरमन यांचं हे भांडण मी प्रत्येक इमारतीत ऐकलंय. प्लॅस्टर वाळल्यावर पाइपातून पोलादी स्प्रिंग घालायची, तिच्या टोकाला वायरींचा जुडगा बांधायचा, शंखजिऱ्याची पूड चोळायची, एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने पलीकडून सोडायचं. "ओढ... थांब... सोड... ओढ." रविवारी आम्ही पाणी मारायला जायचो तेव्हा रिकाम्या इमारतीत हे शब्द घुमत असायचे. लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नाहीत आणि आठशे वॉटच्या वर भार नाही, हा वायरमनचा हिशोब पाठ होता. दिवा साठ, पंखा साठ, साधा प्लग शंभर, पॉवरचा प्लग हजार. शाळेतली मुलं त्यांच्याकडून तो शिकली आणि घरी येऊन बेरजा करायला लागली.

अर्थिंगच्या बाबतीत ते हटवादी होते आणि मला त्याचा आजही आदर वाटतो. तेव्हा पैसे वाचवायला हिरवी वायर गाळणं सर्रास चाले. तीन पिनांचा प्लग असायचा, पण वरच्या भोकामागे काहीच जोडलेलं नसे. वाड्यात आमच्या शेजारच्या काकू पाण्याच्या बंबात विजेचा रॉड घालताना झटका बसून पडल्या होत्या, त्यामुळे मला हा विषय नवा नव्हता. वायरमनने पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा खणवला, त्यात पाइप उभा केला आणि भोवती कोळसा व मीठ यांचे थर दिले. सोसायटीतली पोरं मिठाची पोती बघून खड्ड्यात लोणचं घालताय का, असं विचारत होती. त्यांना त्यांनी समोर बसवून सांगितलं की करंटला जमिनीत जायला सोपी वाट दिली तर तो माणसातून जात नाही. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात, ओल असली की वाट मोकळी राहते, म्हणून उन्हाळ्यात या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. तीन पिनांतली वरची लांब का, तर ती आधी लागते आणि शेवटी सुटते, म्हणजे करंट असताना अर्थिंग कधी तुटलेलं नसतं. एप्रिल-मे महिन्यांत खड्ड्यात पाणी घालायचं काम मग पोरांनी वाटून घेतलं. पाणीटंचाईच्या वर्षीही ते चुकलं नाही.

शेवटी मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, वायरिंग तपासलं. लायसनवाल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागायचा, तो जोडून अर्ज केला, कोटेशन भरलं, आणि मीटरची वाट बघत बसलो. पुष्कळांनी मीटर येण्याआधीच वास्तुशांत उरकली आणि राहायला आले. सगळी बटणं नवी कोरी, पंखे लावलेले, आणि संध्याकाळी कंदील. मुलं मात्र बटणं खालीवर करून बघायचीच. मीटर बसले, शिशाची सीलं लागली, तशी खालून कुणीतरी ओरडलं, "मेन टाकतोय!" आणि इमारतीभर एकदम सगळं लागलं, कारण कुठलं बटण चालू राहिलंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी आधी देवघरापाशी हात जोडले, मग ट्यूबकडे बघून हात जोडले. दिवेलागणीला दिव्याला नमस्कार करायची सवय होती. तो विजेचा आहे म्हणून त्यांनी ती कधी सोडली नाही.

त्या यादीतले दोन पॉइंट मराठी घराशिवाय दुसरीकडे कुणाला सुचले नसते. एक, गॅलरीत छताला, आकाशकंदिलासाठी. वर्षातून पंधरा दिवस लागणारा दिवा, पण त्यासाठी आमच्या विंगेत एकानेही पैशांची कुरकुर केली नाही. पहिल्या दिवाळीत चारी मजल्यांचे कंदील एका ओळीत लागले, ते बघायला लोक समोरच्या रस्त्यावर थांबले होते. दुसरा, प्लगचा, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, जिथे एरवी काहीच नसतं. "इथे कशाला?" असं वायरमनने एका अमराठी शेजाऱ्यांच्या ब्लॉकमध्ये विचारलं असेल, आमच्याकडे विचारलं नाही. तिथे भाद्रपदात गणपती बसणार, तोरणाच्या माळा लागणार, गौरी येणार. ते गृहीत होतं.

पुढे काय काय आलं! १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं होतं आणि सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्यात चित्रं दिसत होती. १९८२ साली रंगीत झालं आणि आमच्या मजल्यावर एका घरात रंगीत टीव्ही आला, त्यांच्याकडे एशियाड बघायला बसायला जागा पुरत नव्हती. त्या टीव्हीसाठी कुणी पॉइंट ठेवलेला नव्हता. गणपतीचा प्लग कामाला आला. फ्रिज आला, तो स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून बाहेरच्या खोलीत, जिथे प्लग होता तिथे. सुमीतचा मिक्सर, वॉशिंग मशीन, घरघंटी, कॉम्प्युटर, आणि दोन हजारनंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर. प्रत्येक खोलीत एकच प्लग ठेवणाऱ्या आमच्या पिढीला आजची मुलं हसतात. मला ते हसणं पटत नाही. दोन बल्बांतून आलेल्या माणसाने दर खोलीला प्लग मागितला, ही त्या काळाची मोठी मागणी होती. रॉडऐवजी गीझर लावता यावा म्हणून बाथरूमबाहेर पंधरा अँपियरचा पॉइंट घेणं, हे तर बंबात छिलके घालणाऱ्या हातांनी घेतलेलं धाडस होतं.

एक गोष्ट खरीच कच्ची होती, पण ती आमच्या हातातली नव्हती. तांबं महाग आणि दुर्मिळ, म्हणून त्या काळात सरसकट अॅल्युमिनियमची वायर वापरली गेली. अॅल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं की हळूहळू पसरतं, जोड ढिला होतो, ढिला जोड तापतो. वीस-पंचवीस वर्षांनी बटणं पिवळी पडायला लागली, प्लगमधून करपल्याचा वास यायला लागला. तेव्हा आमच्या विंगेने एकत्र मिळून सगळ्या घरांची वायरिंग बदलली, तांब्याची घातली. वायरमन आता दुसरे, जुन्यांचाच पुतण्या. त्याने भिंत फोडली नाही. जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधली आणि जुनी ओढून काढता काढता नवी आत घेतली. काकांनी स्लॅबच्या दिवशी जपलेला एकही पाइप अडला नाही. मेनपाशी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज जाऊन एमसीबी आले, आणि तीस मिलिअँपियर गळती झाली तरी क्षणात वीज तोडणारं आरसीसीबी बसलं. फ्यूज उडाला की मेणबत्ती धरून मामंजी नवी तार बांधायचे आणि आम्ही श्वास रोखून बघायचो, ते संपलं.

आता सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे. बिल्डरने प्रत्येक ब्लॉकची छापील यादी दिली: इतके दिवे, इतके सहा अँपियर, इतके सोळा, दर खोलीला एसी, उशाशी चार्जिंग. भरपूर आहे. पण आमच्यातले बरेचजण ऐंशीच्या आसपास आहेत आणि यादी करणाराने आम्हाला पाहिलेलं नव्हतं. म्हणून गेल्या महिन्यात हॉलमध्ये बैठक घेतली. त्यात बायकाच जास्त होत्या, आणि या वेळी कुणाला उभं राहून दाखवावं लागलं नाही, एकेक जण सरळ बोलली.

पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर जमिनीजवळ मंद दिवे हवेत, आणि त्यांचं बटण झोपल्या जागी हाताला यायला हवं. बाथरूममध्ये ओढायची बेल हवी, तिची दोरी जमिनीपर्यंत हवी, कारण पडलेला माणूस उभा राहून बटण दाबत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ऐकू कमी येतं, त्यांच्या दाराच्या बेलबरोबर आत दिवा लागायला हवा. पलंगाशेजारी ऑक्सिजनच्या मशीनसाठी इन्व्हर्टरवरचा वेगळा प्लग, ही मागणी ज्यांनी केली त्यांच्या घरी ते मशीन आहेच. आकाशकंदिलाचा पॉइंट बिल्डरच्या यादीत नव्हता, तो एकमताने घातला. आणि बटणांची उंची. आमच्या वेळी सगळे बोर्ड साडेचार फुटांवर, मुलांचा हात पोचू नये म्हणून. चाकाच्या खुर्चीवरून तेवढा हात वर होत नाही. तीन फूट करा, असं ठरलं.

बिल्डरकडून आलेली इंजिनिअर मुलगी पंचविशीची असेल. ती प्रत्येक गोष्ट लिहून घेत होती. तीन फूट म्हटल्यावर तिने मान वर केली आणि विचारलं, "काकू, हे तीन फूट स्लॅबपासून धरू की टाइल बसल्यावर?"

"टाइल बसल्यावर," चौघीजणी एकदम म्हणाल्या.